परत मागितलेला नारळ

चिचगडच्या मैदानावर केवळरामने आपली पोरगी रुची कबड्डीच्या वीरेंद्र सरांच्या हवाली केली, तेव्हा रीतसर नारळ दिला होता. वर चारचौघांत म्हटलं होतं, "सर, मारा, झोडा, आपलं काई म्हणणं नाई." असं म्हणणाऱ्या बापाला गाव समजदार मानतं. सरांनी नारळही ठेवून घेतला आणि शब्दही.

दिवाळीनंतर एकदा रुची गालावर सरांची बोटं घेऊन घरी आली.

"सर सगळ्यांसमोर मले म्हैस म्हणते. मी आता जात नाई."

"जिल्ह्याच्या संघाची निवड आली ना वो. खेळाचं नाई का तुले?"

"खेळाचं हाय. मार खाचा नाई."

या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे केवळरामच्या ध्यानात पहिल्यांदाच आलं. रुचीची आई अन्नपूर्णा चुलीपासून म्हणाली, "परवानगी तुमीच देली. वापस घेऊन या."

केवळराम आधी बाकीच्या पालकांकडे गेला. उदाराम म्हणाला, "सिलेक्शन होऊन जाऊ दे, मंग बोलू." उदारामच्या पोरीचा कान मागच्या साली सुजला होता, तेव्हाही सिलेक्शनच होऊन राहिलं होतं. शेवटी पालकांनी निषेधाचा कडक मार्ग काढला: सरांचा जाहीर सत्कार. खांद्यावर शाल पडली की माणूस लाजून सुधारतो, असं ठरलं. शाल केवळरामनेच पांघरवायची, कारण मार त्याच्या पोरीला बसला होता.

सत्काराला मुख्याध्यापिका शकुंतलाबाई अध्यक्ष. त्यांच्या खोलीची खिडकी मैदानावरच उघडते, पण त्यांना कधी काही दिसलं नव्हतं. मुली रांगेत बसल्या होत्या. रुची मान खाली घालून माती उकरत होती.

केवळराम शाल हातात धरून उभा राहिला. "सर, माझा नारळ वापस द्या."

"केवळरामभाऊ, त्याची तर चटणी झाली." सगळे हसले.

"असू द्या. मंग शब्द वापस द्या. चारचौघांत देला होता, चारचौघांतच घेऊन राहिलो. पोरीले हात लावाचा नाई, म्हैस म्हणाचं नाई."

"मग मेडल विसरा," सर म्हणाले.

केवळरामने रुचीकडे पाहिलं. तिने मान वर केली होती.

"विसरलो," तो म्हणाला.

मागून उदाराम उठला. "माझाबी नारळ वापस पाहिजे." मग एकेक बाप उठला. एवढे नारळ सरांनी एकट्याने कसे संपवले, याचंच मागे बसलेल्या बायांना नवल वाटलं.

"मला कुणी लेखी कळवलंच नाही," शकुंतलाबाई म्हणाल्या.

अन्नपूर्णेने पदराखालून तक्रारीचा अर्ज काढून टेबलावर ठेवला. खाली रुचीची सही होती. शकुंतलाबाईंनी तो वाचला, खिडकीकडे पाहिलं आणि जाहीर केलं, "चौकशी होईपर्यंत सराव आपल्या शाळेच्या रीता मॅडम घेतील. पालकांनी पाळीपाळीने मैदानात बसावं."

शाल तशीच घरी आली. थंडीचे दिवस होते, वाया गेली नाही.

"उद्या जाशील ना?" केवळरामने विचारलं.

"जाईन. तुमी येऊन बसा," रुची म्हणाली. "अन् बाबा, मॅडमले नारळ देऊ नोका."

केवळरामने येताना घेतलेला नारळ पिशवीतून काढून गुपचूप अन्नपूर्णेच्या हातात दिला. जेवायला चटणी चांगली झाली होती.