वेंकोबाच्या घराची कौलं

दत्तोजीला त्या घरात मी धाडलं. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझी कीव करायला नको.

आमचं घर म्हैसुरात, लष्कर मोहल्ल्यात. सासरे शिलेदार, यजमान जगन्नाथराव शिलेदार, दोघेही केव्हाच गेलेले; मुलगा दत्तोजी रिसाल्यात. घरात तीन तलवारी, दोन ढाली, आणि टाकाऊ वस्तूंवर पाखरं काढत बसणारी मी. सासूबाई होत्या तोवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "शिलेदाराच्या घरात हिने उकिरडा आणून ठेवलाय." त्या गेल्यावर त्यांच्याच फुटक्या रांजणाच्या खापरीवर मी बगळा काढला. चांगला उतरला.

माहेरी शेजारच्या घरात चित्रगार राहत. त्यांच्या बायका गंजिफ्याची पानं रंगवायच्या आणि मी त्यांना रंग खलून द्यायची. माझी शाळा तेवढीच. पुढे सासरी सकाळचा स्वयंपाक आटपला की न्हाणीपाशी ओट्यावर बसायची. दिव्याची काजळी, हळद, नीळ, शंखाची पूड, बाभळीचा डिंक आणि खारीच्या केसांचा कुंचला. लोकांना वाटतं पाखरू काढायचं तर पाखरू बघावं लागतं. ते तर बघितलेलंच असतं. मी वस्तू बघते. मोडक्या चाकाच्या आऱ्याला जिथे गाठ असते तिथे मान वळलेली असते. करवंटीच्या आत घुबड बसतं, बाहेरून बसत नाही. कागदावर काढा असं मला पुष्कळ शहाण्यांनी सांगितलं. कोरा कागद समोर आला की माझा हात आखडतो.

नवरात्रात बाहुल्यांच्या पायऱ्यांवर मांडायला शेजारणी माझी पाखरं मागून नेत. सोनाराची बायको तर "आमच्या आईनं काढलंय" म्हणून सांगायची. सांगो बापडी.

वस्तू आणून द्यायचा दत्तोजी. चोवीस वर्षांचा गडी, मिशीला पीळ, आणि पागेतून घरी येताना कमरेच्या शेल्यात मोडकी रिकीब नाहीतर गुळगुळीत झालेलं हाडूक. दारातूनच म्हणायचा, "आईसाहेब, राजवाड्यातून नजराणा आलाय." आणि फुटकी चिलीम पुढे ठेवायचा. मी म्हणायची, "एवढ्यात काय मावणार, चिमणीचं शेपूट?" तो म्हणायचा, "मग शेपूटच काढ. चिमणी उडून गेली म्हणून सांगू."

मग प्लेग आला. उंदीर पडला की सरकारी माणसं यायची, घरातल्यांना बाहेर काढायची, कौलं उतरवून अंगणात रचायची आणि रिकाम्या घराला ऊन दाखवायची. आमच्यापासून चौथं घर वेंकोबा शिंप्याचं. त्याच्या घरातून दोघांना इस्पितळात नेलं, उरलेले गावाबाहेरच्या झोपड्यांत गेले. कौलांची रास दोरी बांधून तशीच पडली.

जाता-येता तीन दिवस मी ती रास बघत होते. नळीची जुनी कौलं. त्यातली चुलीवरची आतून काळी, चाळीस वर्षांच्या धुरानं तेल चोपडल्यासारखी चकचकीत. नव्या कौलाला काळा रंग दिला तर कौल तो पिऊन टाकतं आणि खाली राखेसारखं दिसतं. धुराचा काळा कौल पीत नाही. त्यावर हिरवा ठेवला की हिरवा पेटतो. शिवाय नळीचं कौल उताणं ठेवलं की आत पाखरू ढोलीत बसल्यासारखं बसेल. माझ्या डोक्यातून ते जाईना.

जेवताना मी म्हटलं, "दत्तोजी, वेंकोबाच्या चुलीवरची कौलं पाहिलीस?"

"तिथे दोरी बांधलीय, आई."

"दोरी गुरांसाठी असते. शिलेदाराच्या पोराला दोरी आडवी येते होय?"

सून अंबू वाढत होती. बन्नूरची मुलगी, मऊ बोलणारी, पाचवा महिना लागलेला. ती म्हणाली, "आत्याबाई, नको. त्या घरातनं दोन माणसं नेलीत."

"तुला कुणी विचारलं? तू ताक वाढ."

दत्तोजी हसला. "किती आणू?"

"डझनभर. चुलीवरचीच बघून आण. ओसरीवरची नकोत मला."

त्यानं चौदा आणली. हात काळे, कपाळ काळं. अंबूनं पाणी घातलं, त्यानं धुतलं आणि पागेत गेला.

पाचव्या दिवशी त्याला ताप भरला. सहाव्या दिवशी जांघेत गाठ आली. गाडी आली तेव्हा उचलायला आलेल्या माणसांना त्यानं हातानं बाजूला केलं आणि स्वतःच्या पायांनी जाऊन गाडीत बसला. ऐटीत. मला तेव्हा, देवा, अभिमान वाटला.

अंबूला आणि मला बन्नूरच्या रस्त्याकडच्या माळावर झोपडी दिली. अंबूनं भांडी उचलली, मी रंगांची पेटी आणि चौदा कौलं. सरकारी माणसानं सगळं उन्हात मांडून औषध शिंपडलं आणि कौलांकडे बघून विचारलं, "आजीबाई, छप्पर सोबत घेऊन आलात काय?" 

प्लेगचं इस्पितळ तिथून हाकेच्या अंतरावर, तट्ट्यांचं. नातेवाइकांना आत सोडत नसत. फाटकावर नरसिंह म्हणून एक माणूस होता, बेट्टदपुरचा, रुंद, मंद चालणारा, मोडकंतोडकं मराठी बोलणारा, बायांना कानडीत अव्वा, म्हणजे आई, म्हणणारा. आतलं बाहेर आणि बाहेरचं आत त्याच्याच हातून. कुणाचं माणूस गेलं तर सांगायचं कामही त्याचंच. सकाळी फाटकाशी पन्नास माणसं उभी असायची आणि तो एकेकाशी वाकून बोलायचा.

पहिल्या दिवशी मी एका कौलात खंड्या काढून नेला. "माझ्या मुलाला दे. दत्तोजीराव, रिसाल्यातला. तो काय म्हणतो ते मला उद्या सांग, शब्दाला शब्द."

दुसऱ्या सकाळी नरसिंह म्हणाला, "अव्वा, ते म्हणाले, एवढी मोठी चोच? हा मासा धरणार की म्हैस?"

मी घुबड दिलं. निरोप आला, "आजी आली म्हणून सांगा, मी उठून बसतो." सासूबाईंचं नाक मी मुद्दामच काढलं होतं. त्यानं ओळखलं.

तिसऱ्या दिवशी भारद्वाज दिला. निरोप आला, "डोळा फार लाल झाला. रात्रभर जागलीस वाटतं."

मग निरोप बदलले. "आवडलं म्हणाले." "छान आहे म्हणाले." मी म्हटलं, ताप आहे, तोंड कोरडं पडलं असेल, किती बोलणार. झोपडीत परतले की अंबू उंबऱ्यातच उभी असायची. "आज काय म्हणाले?" मी सांगायची. ती ऐकून मगच पानावर बसायची. ऐकल्याशिवाय घास घेत नव्हती, पोटातल्याची शपथ घातली तरी नाही.

रोज एक पाखरू. झोपडीच्या दारात उजेडाला बसून मी काढायची. बाजूच्या झोपड्यांतून रडणं उठलं की कुंचला उचलायची, थांबलं की पुन्हा टेकवायची. कौलांवर हात फिरवताना मला एकच सुचायचं, की ही मी मागितली. चांगली उतरत होती पाखरं. आयुष्यात इतकी चांगली उतरली नव्हती. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

नवव्या दिवशी पोपट काढला. धुराच्या काळ्यावर तो हिरवा असा पेटला की शेजारच्या झोपडीतली बाई जपमाळ सोडून बघायला आली. मी तो दिला आणि अर्ध्या वाटेत आठवलं की पाय चुकले. पोपटाची दोन बोटं पुढे असतात आणि दोन मागे. मी चिमणीसारखी तीन पुढे काढली होती. दत्तोजी सात वर्षांचा असताना त्यानं शिवाजीराव काकांच्या पिंजऱ्यातल्या पोपटाचा पाय धरून मला दाखवलं होतं. "आई, बघ. तू ह्याला कोंबडीचे पाय लावतेस." पोपट त्याला चावला, बोटातून रक्त आलं, तरी पाय सोडला नाही. तेव्हापासून माझा कुठलाही पोपट तो आधी पायाकडून बघायचा.

झोपडीत येऊन मी अंबूला सांगितलं, "पाय चुकवलेत ग मी. आता उद्या बघ कसा बोलतो." अंबू नऊ दिवसांत पहिल्यांदा हसली. म्हणाली, "ते म्हणतील, म्हातारपणी आईला अंडी घालणारा पोपट हवाय." आम्ही दोघी हसलो. शेजारची बाई आमच्याकडे बघत राहिली. तो सगळा दिवस मी त्याच्या टोमण्याची वाट बघत काढला. कुंचल्याला हात लावताना गाणं गुणगुणत होते.

दहाव्या सकाळी पदराखाली सुतारपक्ष्याचं कौल घेऊन मी फाटकाशी गेले. नरसिंह लांबूनच म्हणाला, "फार आवडला, अव्वा. अगदी जिवंत वाटतो म्हणाले."

"आणि पाय?"

"पाय?"

"पायांबद्दल काय म्हणाला?"

त्यानं जरा विचार केला. "पायही सुरेख काढलेत म्हणाले."

लोक मागून ढकलत होते. मी जागची हलले नाही.

"कधी?" मी विचारलं.

त्याला कळलं. हातातली किल्ली तो ह्या हातातून त्या हातात करत राहिला. "तिसऱ्या दिवशी. ऊन उतरताना."

"लाल डोळा म्हणाला, ते?"

"ते खरं. ते शेवटचं. त्यानंतरचं माझं." मग खाली बघून म्हणाला, "मी सांगणारच होतो. तुम्ही हात पुढे केलात, हातात कौल होतं. मी घेतलं. म्हटलं, उद्या सांगू. उद्याही कौल होतं."

"अग्नी कुणी दिला?"

"आम्हीच. त्या दिवशी अकरा होते."

मी त्याला शिवी दिली नाही. जिभेवर सगळ्या होत्या. ज्या बाईनं आपला मुलगा दोरीपलीकडे धाडला तिनं खोट्या चार शब्दांसाठी कुणाला शिवी द्यावी?

"कौलं कुठायत?"

"आत. बाकीच्यांच्या खाटांपाशी ठेवली, अव्वा. एक कुंभार आहे, तो पाणीसुद्धा मागत नाही, पण सकाळी विचारतो, आज कुठलं पाखरू." त्याचे डोळे माझ्या पदराकडे गेले. "आज आणलंय?"

मी पदर आवळला. "ती माझ्या मुलाची होती."

"हो, अव्वा."

"मग विचारतोस काय?"

कौल मी दिलं नाही. पुढेही कधी दिलं नाही. ऐकणारे म्हणतात, द्यायला हवं होतंत, पुण्य लागलं असतं. त्या कुंभाराचं काय झालं मला माहीत नाही आणि मी चौकशी केली नाही. माझ्यापाशी तेव्हा कुणासाठी काही उरलं नव्हतं. वाटेत एका बाभळीखाली ते कौल मी पालथं ठेवलं, छपरावर असतं तसं, आणि पुढे गेले.

झोपडी दिसायला लागली तशी चाल मंद केली. सुतक ऐकल्यापासून लागतं. मी ऐकलं होतं, मला लागलं होतं. अंबूनं ऐकलं नव्हतं. तिच्या चुलीतून धूर निघत होता. एकदा तिला सांगितलं की चूल विझणार, कपाळ पुसणार, बांगड्या जाणार, आणि बन्नूरहून तिची माणसं येईपर्यंत ती पोर पाण्याचा घोटही घेणार नाही. पोटात पाच महिन्यांचं. आदल्या रात्रीही तिनं नीट खाल्लं नव्हतं, हसण्यात राहून गेलं म्हणाली होती.

ती उंबऱ्यात उभी होती. हसू आधीच ओठांवर.

"काय म्हणाले पायांना?"

"आधी जेव."

"सांगा ना, आत्याबाई."

"तोंडात घास असताना ठसका लागेल. जेव आधी."

तिला वाटलं टोमणा फारच झणझणीत आहे. चटकन पान घेऊन बसली. नाचणीचा मुद्दा, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा, वर कुळथाचं सार. पहिल्यांदाच माझ्या तोंडून काही न ऐकता ती जेवायला बसली. मी समोर बसून वाढलं. सुतकात वाढू नये, मी वाढलं.

"तुम्ही?"

"मी मागून."

एक मुद्दा संपला. मी दुसरा ठेवला.

"साकु, आत्याबाई, पुरे."

"दोघांचं खायचंय. घे."

तिनं घेतला. मधेच माझ्याकडे बघून स्वतःशीच हसायची आणि पुन्हा सारात बोटं बुडवायची. मी ताक ओतलं. तिनं वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली, मी पुन्हा भरली. ती तीही प्यायली. पान चाटूनपुसून स्वच्छ झालं. भांड्यात आणखी असतं तर तेही वाढलं असतं.

"झालं," ती म्हणाली. "आता सांगा."

"हात धुऊन ये."

ती पोट सावरत उठली आणि बाहेर दगडापाशी तांब्या घेऊन वाकली. भराभर हात चोळायला लागली.

"सावकाश धू," मी आतून म्हटलं. "घाई नाही."