मोठ्या बॅटरीवरचा आळ

सून घरोघरी जाऊन रुग्णांकडून व्यायाम करून घ्यायची. तिची छोटी इलेक्ट्रिक गाडी महिनाभरात चौथ्यांदा दारातच रुसली. चार्ज ऐंशी टक्के, पण चाक हलेना. गाडी ओढून वर्कशॉपमध्ये नेली, तेव्हा सासूबाईही पिशवीत जुना मीटर घालून निघाल्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी तीस वर्षं लाइनीतले फॉल्ट शोधले होते.

फोरमनने कॉम्प्युटर जोडून पाहिला. "मोठी बॅटरी गेली. बदलावी लागेल."

"मोजली का?" सासूबाईंनी विचारलं.

"आजी, कॉम्प्युटरच सांगतोय."

"वीज कमी पोचतेय एवढंच सांगतोय तो. अडतेय कुठे, ते सांगतोय का?"

सून ओशाळली. "आई, राहू द्या ना. त्यांना करू दे त्यांचं काम."

"करू दे की. त्या नारिंगी, जबर विजेच्या वायरींना मी हातही लावणार नाही. मला पुढची छोटी बॅटरी तेवढी दाखवा."

गाडीतले कॉम्प्युटर त्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर जागे होतात. ते जागे झाले नाहीत, तर मोठी बॅटरी कितीही भरलेली असो, गाडीला जोडलीच जात नाही.

"ती तर नवीकोरी आहे," फोरमन म्हणाला.

सासूबाईंनी मीटर लावला. साडेबारा. फोरमन गालात हसला. मग त्यांनी सुनेला दिवे, वायपर, पंखा सगळं चालू करायला लावलं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर टेकवलं, दुसरं गाडीच्या उघड्या पत्र्यावर. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं होतं. आकडा आला अडीच; म्हणजे तेवढे व्होल्ट वाटेतच अडत होते.

फोरमनचं हसू मावळलं. तो स्वतःच टॉर्च घेऊन वाकला. बॅटरीची अर्थिंगची वायर पत्र्याला जिथे आवळली होती, तो बोल्ट त्याने सोडवला. खाली रंगाचा थर तसाच होता, आणि कडेने गंज चढलेला.

"जखम मांडीला अन् मलम शेंडीला," सासूबाई म्हणाल्या आणि पॉलिश पेपर मागितला.

पत्रा चकचकीत होईपर्यंत त्यांनी घासला. बोल्ट फोरमनने आवळला. पुन्हा दिवे, वायपर, पंखा. मीटरवर शून्याला चिकटलेला आकडा. सुनेने बटण दाबलं आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली. तिने गाडी बंद केली, पुन्हा चालू केली. पाच वेळा. पाचही वेळा हिरवी. तिला हसू आवरेना.

फोरमनने हात पुसले. "मॅडम," तो जरा घुटमळत म्हणाला, "मागे एक गाडी तीन आठवडे उभी आहे. आमचं सगळ्यांचं डोकं आपटून झालं."

सासूबाईंनी पदर खोचला. "तू हो पुढे," त्या सुनेला म्हणाल्या, "तुझे पेशंट खोळंबलेत. मला यायला वेळ लागेल."