फुजीचं मावंदं

आमच्या सासूबाईंची, जमनाबाईंची, एक ठाम समजूत: जगात बघण्यासारखं काही असेल तर ते देवस्थानच असणार. त्यांचं घराणं पिढ्यानपिढ्या बेंगळुरात मुरलेलं. मी पुण्याची, म्हणजे त्यांच्या लेखी कालची आलेली. १९६१ साली आमच्या ह्यांना घड्याळाच्या कारखान्याने सात महिने जपानला शिकायला धाडलं, तेव्हा त्यांनी जपानची एकच माहिती काढली. तिथे फुजी नावाचा डोंगर आहे आणि लोक त्याला हात जोडतात. झालं! दर पत्राच्या शेवटी तीच ओळ: "उपेंद्रा, फुजी बघितलास का?"

पाचव्या पत्राला ह्यांनी लिहिलं, बघितला.

हे परत आले आणि सासूबाईंनी मावंदं काढलं. काशीहून आलेल्याचं घालतात तेच: पूजा, पुरणपोळी, आणि आल्यागेल्याने यात्रेकरूच्या पाया पडायचं. गंगेचा गडू कुठून आणणार? ह्यांनी आणलेल्या कागदी पंख्यावर फुजीचं चित्र होतं, तो पाटावर मांडून त्यालाच हळदकुंकू वाहिलं. मल्लेश्वरमातली निम्मी मराठी मंडळी जमली. मी हसू दाबत पोळ्या लाटत होते.

तेवढ्यात हे स्वयंपाकघरात आले. तोंड एवढंसं झालेलं.

"मी फुजी पाहिलाच नाही गं. तीनदा गेलो, तिन्ही वेळा ढग. पायथासुद्धा दिसला नाही."

"अगं बाई! मग पत्रात?"

"आई विचारायची थांबेना!"

"मग आता तासभर व्हा देव," मी म्हटलं. "पाया पडून घ्यायला काय जातंय तुमचं?"

मला गंमत वाटत होती. ह्यांच्या कपाळावर मात्र घाम आला होता.

बाहेर पाया पडायला पहिलेच आले शेजारचे अप्पासाहेब. वय एक्याऐंशी. काठी भिंतीला टेकवून ते ह्यांच्या पायाशी वाकायला लागले, तसे हे विंचू चावल्यासारखे मागे सरले.

"नको, अप्पासाहेब! मी खोटं लिहिलं होतं. मला फुजी दिसलाच नाही."

सासूबाईंच्या हातातलं निरांजन तसंच राहिलं.

"अरे," अर्धवट वाकलेले अप्पासाहेब म्हणाले, "मग सात महिने पाहिलंस तरी काय?"

ह्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, मागचं झाकण उघडलं आणि खिशातलं भिंग पुढे केलं. "हे. केसाहून बारीक स्प्रिंग आहे आत. तिथल्या पोरी श्वास रोखून ती बसवतात. हात जरा थरथरला की गेली. मला जमायला चार महिने लागले. ही मी बसवलीय."

"स्वल्प थांब." अप्पासाहेबांनी भिंग डोळ्याला लावलं. "अरेच्चा! हे तर श्वास घेतंय की!"

मग काय, भिंगासाठी रांग लागली. फुजीला विचारतो कोण! एकट्या सासूबाई पाठ फिरवून उभ्या होत्या. ह्या बाईने एका फुलवालीशी अकरा वर्षं अबोला धरला होता.

हे जवळ गेले. "आई, चुकलो."

"अय्यो, फुजी कुणाला हवा होता रे!" त्या गर्रकन वळल्या. डोळे भरलेले. "तू तिकडे हिंडतोयस की खोलीत रडत बसलायस, हे कसं कळणार मला? सरळ विचारलं असतं तर 'मजेत आहे' असंच लिहिलं असतंस. म्हणून डोंगराचं विचारत होते. बघितला म्हणालास, त्या दिवशी मला अन्न गोड लागलं."

हे खाली मान घालून उभे. "पहिले तीन महिने खोलीतच होतो, आई."

भरल्या घरात सासूबाईंनी लेकाचं डोकं छातीशी धरलं. मी परत आत जाऊन पोळपाटाशी बसले. सात महिन्यांत मी ह्यांना अकरा पत्रं लिहिली होती, आणि प्रत्येकात एकच प्रश्न विचारला होता: तिकडे नायलॉनच्या साड्या मिळतात का?