कॉर्नरजवळच्या दोन खुर्च्या

मसुदा एक. 'प्रशिक्षक गुंटिस क्राउमानिस यांनी दोन हंगामांनंतर क्लबचा निरोप घे...'

घेतला कुठे? त्यांना तर अजून पत्ताच नव्हता. सोनलने ओळ पुसली.

अमेरिकेत, चँडलरमधल्या या लहानशा फुटबॉल क्लबच्या बातम्या आणि पोस्ट लिहिणं हे तिचं काम. सकाळीच क्लबचा डायरेक्टर अनीश टेबलाशी येऊन उभा राहिला होता. जन्म इथलाच, मराठी मात्र आईच्या धाकाने टिकलेली.

"साडेचारला मॅच संपेल, कोचना काढल्याची पोस्ट लाइव्ह कर. जिंको नाहीतर हरो."

"कोचना कोण सांगणार?"

"लॉयर ईमेल करेल ना. चिल, यार."

"मॅच चालू असताना ते ईमेल बघणार?"

"मग पोस्ट बघतील." तो हसला. "सोनल, तुझ्या व्हिसाचे पेपर्स मीच साइन करतो, रिमेंबर? हीरो बनू नकोस."

मसुदा दोन. 'लात्वियात चार क्लब, तीस वर्षांचा दांडगा अनुभव...'

चार क्लब. ते कसे सुटले, हे गुंटिसनी तिला बसप्रवासात तुकड्यातुकड्यांनी सांगितलं होतं.

पहिला, बंदराच्या गावातला. दुसऱ्या लीगमधून वर आणलेला. काढल्याचं कळलं टॅक्सीतल्या रेडिओवर. ड्रायव्हर म्हणाला, बरं झालं, बिनकामाचा होता. गुंटिसनी भाडं दिलं, वर टिपही दिली.

दुसरा, रिगात. कप जिंकला. एका सोमवारी पार्किंगमधली नावाची पाटी गायब.

तिसरा. बायकोला आधी कळलं, भाजीच्या दुकानात.

चौथा

(त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत.)

म्हणून तर त्या खुर्च्या. संघाची यादी दारावर लावण्याआधी गुंटिस प्लॅस्टिकच्या दोन पांढऱ्या खुर्च्या स्वतः उचलून कॉर्नरच्या झेंड्यापाशी नेत. ज्याला वगळलंय त्याला समोर बसवत. आधी तोंडावर, मग कागदावर. खुर्च्या निघाल्या की पोरं ओळखायची, आज कुणीतरी बाहेर. पण दोन वर्षांत एकानेही यादी वाचून शिवी घातली नव्हती.

मसुदा तीन. 'क्लब त्यांचा सदैव ऋणी'

सोनलने लॅपटॉप मिटला. पावणेदोन. मॅच अडीचला.

नागपूरला आईला मध्यरात्री उठवून फोन करावा? काय म्हणणार ती? पेपर सांभाळ, म्हणेल. बरोबरच म्हणेल.

खुर्च्या स्टोअरच्या दाराशी होत्या. वाटल्या त्यापेक्षा हलक्या. उन्हात तापलेल्या. ती मैदानाच्या कडेने चालू लागली तसा वॉर्मअप करणाऱ्या पोरांचा चेंडू थांबला.

गुंटिस स्वतःहून तिच्याकडे आले.

"तुला काढलं?" त्यांचा चेहराच उतरला. "मी अनीशशी बोलतो. आत्ता."

"कोच, बसा."

"तुझ्या व्हिसाचं..."

"बसा ना, प्लीज."

ते बसले. तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या खुर्चीकडे, जणू ही कुणाची, असं. वगळलेल्याच्या खुर्चीत ते कधी बसले नव्हते.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"साडेचारला पोस्ट जाईल. मीच लिहितेय."

दूरवर ऑफिसच्या काचेमागे कुणीतरी उभं होतं. सोनलने तिकडे पाठ केली. ती समोरच्या खुर्चीत बसली.

"चौथ्या क्लबचं मी तुला सांगितलं नाही," गुंटिस म्हणाले. "तिथे एकाला माहीत होतं. माझाच असिस्टंट. आदल्या संध्याकाळी माझ्या घरी जेवून गेला." त्यांनी ऑफिसच्या काचेकडे नजर टाकली. "जा आता. इथे जास्त वेळ दिसू नकोस."

ती उठली आणि खुर्च्या उचलायला वाकली.

"राहू दे." त्यांनी खिशातून घडी घातलेली यादी काढली. "लेफ्ट बॅकला सांगायचंय अजून. पाठव त्याला."

सोनल निघाली. पोरांपाशी थांबून तिने लेफ्ट बॅकच्या खांद्याला हात लावला. मग ऑफिसकडे वळली. अनीश दार उघडून उभाच होता.