अल्पशा आजाराने

मालिनीताई गेल्या त्या पहाटे. आणि त्या कशाने गेल्या हे ठरले सकाळच्या चहाला, नितेशशेठच्या ऑफिसात.

तिथून मजकूर यज्ञेशच्या मोबाईलवर आला. 'खालच्या आळीतील ज्येष्ठ रहिवासी, निवृत्त शिक्षिका सौ. मालिनी हरिहर बिवलकर यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले. अंत्ययात्रा दुपारी चार वाजता राहत्या घरून निघेल. शोकाकुल: नितेशशेठ मित्रमंडळ.' खाली जोडलेले दोन हात, आणि त्यांच्याही खाली, बहुधा बोटांच्या सवयीने, उंचावलेला अंगठा.

यज्ञेशने तो अंगठा बराच वेळ पाहिला.

आळीच्या तोंडाशी वाचनालयाच्या चिरेबंदी भिंतीवर एक काळा फळा आहे. पाणी कोणत्या दिवशी येणार नाही, घरपट्टीची मुदत कधी संपते, देवळात कीर्तन कोणाचे, कोणाची किल्ली सापडली, कोणाला रक्त हवे आहे, असे आळीला जे कळायला हवे ते त्या फळ्यावर येते. मोबाईल आले तेव्हा आता फळा जाणार असे सगळ्यांना वाटले होते. तो गेला नाही. उलट, मोबाईलवर आलेले खरे की खोटे हे पडताळायला माणसे फळ्यापाशी येऊ लागली. हा फळा गेली काही वर्षे यज्ञेश लिहीत होता. दिवसभर तो एका आंबा-व्यापाऱ्याकडे हिशेब लिही. बोलायची वेळ आली की त्याच्या घशात काहीतरी मिटून जाई. जे बोलता येत नसे ते तो दुसऱ्यांच्या सूचनांमधून, सुरेख अक्षरात, लिहून टाकी.

'अल्पशा आजाराने' हे शब्दही त्याने कितीदा तरी लिहिले होते, आणि ते लिहिताना त्याचा हात कधी अडला नव्हता. ते शब्द त्याला दयाळू वाटत. दारूने गेलेल्या बापावर, स्वतःच्या हाताने गेलेल्या तरुण मुलावर आळीने याच शब्दांचे पांघरूण घातले होते. ज्याच्या घरी दुःख, त्याची लाज झाकावी, एवढाच त्यामागचा भाव. पण आज झाकायला सांगितलेली लाज बिवलकरांच्या घरची नव्हती.

गणपती गेले त्या सुमारास नव्या पाइपलाइनसाठी आळीच्या तोंडाशी आडवा चर खणला गेला. काम नितेशशेठच्या मेव्हण्याचे. जांभा दगड फोडून पुरुषभर खोल खणले, लाल मातीचा ढीग एका अंगाला लोटला, वर दोन फळ्या टाकल्या आणि माणसे निघून गेली. पाइप यायचे होते. दिवाळी झाली, आंब्याला मोहोर आला. पाइप यायचेच होते. फलक मात्र तत्परतेने आला. 'विकासकाम प्रगतिपथावर. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' आणि त्या दिलगिरीशेजारी नितेशशेठचा हसरा चेहरा. तो आता माजी नगरसेवक होता; पण 'माजी' हा शब्द त्याच्या कुठल्याच फलकावर मावत नसे. पुढे त्याचा वाढदिवस आला आणि दुसरा, त्याहून मोठा फलक थेट विजेच्या खांबावर, दिव्याच्या तोंडासमोर चढला. दिवा रोज लागे. पण त्याचा सगळा उजेड शेठच्या पाठीवर पडे, आणि खाली चरात काळोख.

मालिनीताई दोनदा नगरपंचायतीत जाऊन आल्या होत्या. "फलक काढा नाहीतर खड्डा बुजवा, दोन्ही जमत नसेल तर निदान एक करा," असे त्यांनी तिथे टेबलावर छत्री आपटून सांगितले होते. मग एका संध्याकाळी कीर्तनाहून एकट्या परतताना त्या फळीवरून घसरल्या. खुब्याचे हाड मोडले. रत्नागिरीला शस्त्रक्रिया झाली. मग अंथरूण, मग ताप, मग छातीत भरलेला कफ. महिनाभराने घरी आणले, आणि घरी आणून आठवडा झाला नव्हता.

यज्ञेशने फळा स्वच्छ पुसला आणि सावकाश, एकेक अक्षर घोटून लिहिले:

'सौ. मालिनी हरिहर बिवलकर, निवृत्त शिक्षिका, यांचे आज पहाटे निधन झाले. आळीच्या तोंडाशी असलेल्या उघड्या चरात पडून त्यांना दुखापत झाली होती. तीतून त्या उठल्या नाहीत. अंत्ययात्रा दुपारी चार वाजता. चर अद्याप उघडा आहे.'

समोरच्या टपरीतून धोंडू चहावाला किटली हातात तशीच घेऊन आला. त्याने ओठ हलवत सगळे वाचले.

"शेवटची ओळ झकास हाय," तो म्हणाला. "पण मेल्या, तुझं आता काय खरं नाय."

"खोटं लिहिलंय का मी?"

"खोटं लिवलं असतंस तर कशाला घाबरलो असतो?"

माणसे येत होती, वाचत होती आणि काही न बोलता बाजूला होत होती, जणू फळा तापलेला होता आणि फार वेळ जवळ उभे राहता येत नव्हते. एकानेही यज्ञेशकडे पाहिले नाही. त्याला त्या खाली घातलेल्या नजरांचा शेठपेक्षाही अधिक राग आला.

नितेशशेठ गाडी चरापलीकडे ठेवून फळीवरून चालत आला. पांढरा शर्ट, कपाळावर गंध. तो कधी ओरडत नसे. ओरडावे लागेल इतके त्याला आजवर कोणी अडवलेच नव्हते. त्याने मजकूर शेवटपर्यंत वाचला.

"धोंडू, ओलं फडकं दे जरा."

"टेबलाचं हाय शेठ. कळकट."

"चालेल."

वरपासून खालपर्यंत, भिंत रंगवावी तसा, त्याने फळा स्वतःच्या हाताने पुसला. काळ्या पाण्याचे ओघळ चिऱ्यांवर उतरले.

"यज्ञेश, तू हुशार मुलगा. अक्षर तर छापल्यासारखं. पण डॉक्टर आहेस का तू?"

यज्ञेशने बोटांवरचा खडू शर्टाला पुसला.

"डॉक्टरांनी काय लिहिलंय? न्यूमोनिया. न्यूमोनिया हा आजार ना? महिनाभराचा म्हणजे अल्पसाच ना? मग यात खोटं काय, ते सांग."

"खड्डा," यज्ञेश म्हणाला. त्याने बोट चराकडे केले.

"रोज शंभर माणसं जातात त्या फळीवरून. कोण पडलं? वय झालं होतं रे काकूंचं. आणि त्या संध्याकाळी गाडी कोणाची धावली? माझी. हातखंब्याच्या फाट्यापासून पुढे मी स्वतः चालवत होतो, काकांचा हात हातात धरून."

"गाडी चालवत व्हतात, का हात धरून व्हतात, शेठ?" धोंडूने विचारले.

दोघे-तिघे हसले. शेठही हसला. "तू चहा कर," तो म्हणाला. पण त्याच्या हातातले फडके पिळून घट्ट झाले होते. मग त्याने खडू उचलून यज्ञेशपुढे धरला. "काकांशी बोललोय मी. त्यांची संमती आहे. विश्वास नसेल तर विचारून ये. दुःखाच्या घरात राजकारण नको." आणि राजकारण हा शब्द त्याने अशा तिटकाऱ्याने उच्चारला, की ऐकणाऱ्याला तो दुसऱ्याच कोणाचा धंदा वाटावा.

बिवलकरांच्या ओटीवर चपलांची गर्दी होती. आत बायका हलक्या आवाजात म्हणत होत्या, "अहेव गेली हो, भाग्याची." एक बाई महिनाभर हाडाच्या वेदनेने कण्हून मेली, आणि नवऱ्याआधी मेली एवढ्यावरून तिचे भाग्य मोजले जात होते. मुलगी उर्वी नुकतीच पुण्याहून पोचली होती; ती आईच्या उशाशी, प्रवासाच्या कपड्यांतच बसली होती. हरिहरकाका खांबाला टेकून होते. काचबिंदूने त्यांची नजर अधू झालेली; आवाजावरून त्यांनी यज्ञेशला ओळखले.

"काका, फळ्यावर काय लिहू?"

"नितेशने सांगितलं ना तुला?"

"सांगितलं. पण ते—"

"त्याने गाडी काढली रे त्या दिवशी. रक्त लागलं तर त्याची पोरं धावली. सकाळी दारात येऊन हात जोडून उभा राहिला. नाही कसं म्हणायचं?"

"बाबा!" उर्वी उठून बाहेर आली. "त्यांच्याच खड्ड्यात आई पडली. पाडणाऱ्याने उचललं म्हणून आता त्याचा सत्कार करायचा का?"

"हळू, उर्वी. माणसं आहेत."

"माणसं आहेत म्हणूनच बोलतेय."

 काका यज्ञेशच्या दिशेने मान वळवून, जवळजवळ विनवणीने म्हणाले, "तू लिही बाबा तो म्हणतो तसं. मला आज कोणाशी वाईटपणा नको. तू काय, ती काय, उद्या आपापल्या कामाला जाल. मला ह्याच आळीत एकट्याने राहायचंय."

 यज्ञेश आल्या वाटेने परतला. वाटेत त्याला वाटले, ह्या मुलखात माणसाला धाक घालावाच लागत नाही. त्याच्यावर थोडे उपकार करून ठेवावेत. पुढचे सगळे भीड करते. भिडेने घरे गप्प बसतात, आळ्या गप्प बसतात, आणि ज्याने खणले तोच येऊन फळा पुसून जातो. हा राग त्याच्या छातीत भरला होता. आणि तरीही त्याने खडू हातात घेतला. 'अल्पशा' लिहिताना खडू मोडला. दुसरा घेतला, 'आजाराने' लिहिले. अक्षर नेहमीसारखेच सुंदर आले. आपल्या हाताची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती.

चार वाजता तिरडी उचलली. वैकुंठरथ आळीत येऊ शकत नव्हता; तो चरापलीकडे उभा होता, म्हणून तिथवर खांद्यावरून न्यायचे होते. पुढचा उजवा खांदा कोणी न सांगता नितेशशेठने घेतला. सगळ्यांपुढे मडके धरून हरिहरकाका. त्यांना दिसत नाही म्हणून त्यांच्या कोपराला यज्ञेशने हात दिला होता. पाठीमागून, बायकांनी खुणा करूनही न ऐकता, उर्वी चालत होती. मडक्यातल्या गोवऱ्यांचा धूर काकांच्या चेहऱ्यावर येत होता आणि त्यांचे डोळे कशाने भरलेत ते कळत नव्हते.

चराशी आल्यावर यज्ञेश हळूच म्हणाला, "काका, जपून. फळी आली."

काका थांबले. मडके धरणाऱ्याच्या पुढे कोणी जात नाही, आणि तिरडी मध्येच वाटेत कोणी टेकवत नाही. ते थांबले तशी सगळी अंत्ययात्रा जागच्या जागी उभी राहिली.

"ती कुठे पडली?" काकांनी विचारले. "नक्की कुठे?"

एवढी माणसे होती.  कोणी पायांकडे पाहिले, कोणी समोरच्या मोहोरलेल्या कलमाकडे.

"चला काका," मागून शेठचा आवाज आला. "उशीर होतोय. ते आता कशाला?"

आणि यज्ञेशचा घसा मोकळा झाला. आवाज त्याला वाटला त्याहून मोठा निघाला. "इथेच, काका. ह्या डावीकडच्या फळीवरून. वर दिव्यासमोर शेठचा वाढदिवसाचा फलक आहे. काळोखात त्यांना फळीची कड दिसली नाही. त्या आजाराने गेल्या नाहीत. ह्या खड्ड्याने गेल्या. मी फळ्यावर लिहिलंय ते खोटं आहे."

मडके हेलकावत होते. काकांनी पायाने फळी चाचपली, ती हलली. त्यांनी पाऊल मागे घेतले.

"ती भांडत होती ह्याच्यासाठी," ते म्हणाले, "आणि मी सकाळी हो म्हणून बसलो." मग मान ताठ करून, शाळेत हजेरी घ्यावी इतक्या स्पष्ट आवाजात: "हा बुजवा. बुजल्याशिवाय मी पुढे जायचा नाही. तिला पुन्हा ह्याच्यावरून नेणार नाही मी."

"काका, उद्या सकाळी जेसीबी लावतो. शब्द देतो तुम्हाला."

"उद्या तिला कुठून नेऊ?"

यज्ञेशने त्यांचा हात कोणाच्या तरी हाती दिला, ढिगाशी गुडघे टेकले आणि लाल माती दोन्ही हातांनी चरात लोटली. आवाज खोलवरून, उशिराने आला. धोंडू टपरीत धावला, फावडे आणि घमेले घेऊन परतला. मग सकाळी फळ्यापासून बाजूला झालेली तीच माणसे एकेक करून पुढे आली. कोणी जांभ्याचे तुकडे उचलले, कोणी दिलगिरीचा फलक उपटून त्याच्या सळ्यांसकट आत फेकला.  नुसते मातीचे आवाज, आणि त्या आवाजांतला राग.

तिरडीखालचे तिघे बदलले गेले. शेठकडेही एकजण वळला. "द्या इकडे शेठ, मी देतो खांदा."

"राहू दे," उर्वी म्हणाली. "भरेपर्यंत त्यांनीच धरायचं."

तो माणूस थांबला, त्याने दोघांकडे पाहिले, आणि तो घमेले उचलायला गेला. शेठच्या पांढऱ्या शर्टावर घाम उतरला होता. बांबू खांद्यात रुतत होता, एक पाय लटपटू लागला होता. पुरुषभर खोल चर हातांनी भरायला किती वेळ लागतो हे त्याला प्रथमच कळत होते. आणि त्या दुपारी आळीत कोणालाही घाई नव्हती.