टपालाच्या मांडणीची कहाणी

मित्रांनो, ओहायोतल्या एका नदीकाठच्या शहरात टपाल कचेरी होती. तिथली मी जुनी मांडणी. अक्रोडाच्या लाकडाची, खणाखणांची. माझ्या प्रत्येक खणावर एकेका गावाचे नाव होते. आलेली पत्रे माझ्यात लावायची आणि मग गाडीवर चढवायची, असा रिवाज होता.

माझ्यापुढे सर्वांत जास्त वर्षे उभी राहिली ती हेस्टर प्रुइट. तिचा नवरा लढाईत गेला होता. घरी म्हातारी सासू होती. हेस्टरचा हात असा चाले की, पत्र खणात पडल्याचा आवाजही येत नसे.

एका निवडणुकीनंतर वरचे साहेब बदलले. दुसऱ्याच आठवड्यात वॉर्डाचा पुढारी क्रल आला. सोबत लेम्युएल गॅच नावाचा धिप्पाड खाटीक होता.

"बाई, आवरा आता. तुमच्या गटाचे दिवस भरले," क्रल म्हणाला.

"माझा कसला गट? बायकांना तर मतसुद्धा देता येत नाही!"

"तुम्हाला ज्यांनी नोकरीला लावलं, त्यांचा गट तो तुमचा. या लेम्युएलनं आमच्यासाठी भर सभेत डोकं फोडून घेतलंय."

हेस्टरने शाल उचलली. जाताना तिने माझ्या कडेवरून एकदा हात फिरवला. मला खूप वाईट वाटले, पण लाकडाला बोलता कुठे येते?

लेम्युएल मनाने वाईट नव्हता. त्याला धड वाचता येत नव्हते, एवढेच. देशाच्या पूर्व टोकाला मेन राज्यातल्या पोर्टलंडची पत्रे तो पश्चिम टोकाच्या ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या खणात टाकी. आजारी आईची खबर मुलाला कळेपर्यंत तिकडे माती होऊन जाई. लोक खिडकीशी येऊन रडत, शिव्या देत. मग तो माझ्या खणांवर कपाळ टेकून पुटपुटे, "मला बकरं सोलता येतं गं बाई. हे कुणी गळ्यात मारलं माझ्या?"

पुढे देशावर मोठे संकट आले. पक्षाचा प्रचार करूनही सरकारी नोकरी न मिळालेल्या एका माणसाने राष्ट्राध्यक्षांवर गोळी झाडली. देश हादरला. मग कायदा झाला: आमच्यासारख्या मोठ्या कचेऱ्यांत यापुढे परीक्षा देऊनच कारकून व्हायचे. हेस्टर तेव्हा लोकांचे कपडे शिवत होती. तिने परीक्षा दिली आणि पहिली आली.

ती परतली तेव्हा लेम्युएलची मान वर होईना. "बाई, मी तुमची जागा खाल्ली."

"तुम्ही कुठली खाल्लीत? तुम्हाला वाढली त्यांनी. चला, ते पोर्टलंड आधी सोडवू."

काही दिवसांनी त्याने आपणहून थैल्या वाहायचे काम मागून घेतले. तिथे तो शीळ घालत राबे.

पण खरी कसोटी पुढेच होती. वॉशिंग्टनमध्ये सरकारच बदलले. आमच्याकडे दुसऱ्या पक्षाचे पोस्टमास्तर आले. पाठोपाठ त्यांच्याच पक्षाचा एक पुढारी मेहुण्याला घेऊन हजर!

"ती बाई जुन्या सरकारातली. काढा तिला."

हेस्टरच्या हातातले पत्र माझ्या खणाच्या तोंडाशीच थांबले.

पोस्टमास्तरांनी चष्मा पुसला. "मेहुण्यांनी परीक्षा दिलीय?"

"परीक्षा कसली? तुमच्यासाठी रात्रंदिवस प्रचार केलाय त्यानं!"

"उपकार आहेत त्यांचे. घरी जेवायला घेऊन या, कोंबडी कापतो. पण इथली जागा माझी नाही, मी कुठून देऊ?"

पुढारी पाय आपटत गेला. हेस्टरने हातातले पत्र योग्य खणात टाकले आणि पुढचे उचलले.

दुसऱ्या दिवशी तिने घरून जिरेनियमच्या फुलांची कुंडी आणली आणि माझ्या माथ्यावर ठेवली. इतक्या वर्षांत तिने स्वतःची एकही वस्तू कचेरीत ठेवली नव्हती.

मित्रांनो, आज मी एका संग्रहालयाच्या कोपऱ्यात उभी आहे. माझ्या माथ्यावर त्या कुंडीच्या पाण्याचा गोल डाग आहे. माझी धूळ जरूर झाडा, वाळवीपासून मला जपा. पण तो डाग तेवढा घासू नका.