बारा किलोंची युद्धनौका

मित्रांनो, मी एक जुना पोलादी तुकडा आहे आणि परवा सकाळी मला कचऱ्याच्या पेटीत टाकण्यात आले. ही गोष्ट घडलीच नाही, असे आमच्या घरात ठरले आहे. तेव्हा मीही ती घडली नाही असे धरूनच सांगतो.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशातल्या गोदीत झाला. महायुद्ध तोंडावर आले होते आणि तिथल्या नौदलाला हलक्या क्रूझर हव्या होत्या. हलकी क्रूझर म्हणजे मोठ्या युद्धनौकेहून लहान, चपळ, पण तोफा बाळगून असलेली नौका. आराखडा करणाऱ्यांना वजन ठरवून दिले होते. त्यावर एक खिळाही जाता कामा नये. म्हणून त्यांनी माझी जाडी चार बोटांवरून तीन बोटांवर आणली. मी चिलखत होतो. माझे मत कुणी विचारले नाही.

मग युद्ध सुरू झाले आणि जो तो काहीतरी घेऊन येऊ लागला. विमाने पाडायच्या तोफा, रडार, ते चालवणारी माणसे, त्या माणसांची अंथरुणे. एवढ्याशाने काय होते, असे प्रत्येक जण म्हणे. शेवटी नौका वळताना इतकी कलू लागली की स्वयंपाकी सूप वाढायचे थांबले. तेव्हा मागची मोठी तोफ उतरवली आणि मग कुठे ती धड उभी राहिली.

आमच्या नौका आठ. एकाच आराखड्याच्या आठ बहिणी. तीन बुडाल्या. त्यांतली एक आमच्या डोळ्यांदेखत गेली आणि आम्हाला थांबण्याचा हुकूम नव्हता. मित्रांनो, पोलादाला रडता येत नाही, पण त्या दिवसापासून मला आतून गंज लागला असे मला वाटते. उरलेल्या पाच जणींना युद्ध संपल्यावर कुणी विचारले नाही. एकेक करून सगळ्या भंगारात गेल्या. माझी नौका दोरखंडाने ओढत मुंबईच्या दारूखान्यात, जहाजे तोडतात त्या धक्क्यावर, आणली.

तिथे वसईहून एक तरुण गॅसकटर कामाला येत असे. आज मी जिच्या घरात आहे, त्या नोराचे ते पप्पा. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा जो तुकडा कापला, तो मी. तीन बाजू सरळ आल्या आणि चौथी वाकडी गेली. मुकादमाने पाहिले आणि म्हणाला, हे असलं वेडंवाकडं कोण घेणार, घरी ने तुझ्या. पप्पांनी मला खरोखर घरी नेले.

घरी मला बोंबील दाबायचे काम मिळाले. ओले बोंबील चिरायचे, फडक्यात ठेवायचे, वर पाट आणि पाटावर मी. अर्ध्या तासात पाणी निथळते आणि बोंबील तळायला कुरकुरीत होतात. तोफगोळे अडवण्यासाठी घडलेल्या मला हे काम कमीपणाचे वाटायला हवे होते. वाटले नाही. इथे कुणी बुडत नव्हते.

पप्पा गेले. नोरा नर्स होऊन कतारला आली, तेव्हा तिने दोन साड्या मागे ठेवल्या आणि मला आणले. तिथल्या मदिनत खलीफा वस्तीतल्या घरात मी अठरा वर्षे काढली. फ्रोझन बोंबलांना फार पाणी सुटते, त्यामुळे कामाला खळ नव्हता. काम झाले की ती मला पुसायची आणि माझ्या वाकड्या कडेवरून अंगठा फिरवायची. पप्पांची म्हणून तिच्याकडे तेवढीच कड होती.

आता दोघांची नोकरी संपत आली आणि कायमचे परत जायचे ठरले. बॅगेला तीस किलोंची मर्यादा. तिचा नवरा चार्ल्स बॅग हातात धरून वजनकाट्यावर उभा राहिला. काटा एकशे तेरा. त्याने स्वतःचे एकाहत्तर वजा केले, बॅग बेचाळीस. बारा किलो जास्त. आणि मी नेमका बारा किलोंचा. चार्ल्स हिशोबी माणूस आहे. त्याने मला उचलले, खाली नेले आणि पेटीत ठेवले. टाकले नाही, ठेवले, असे तो अजूनही म्हणतो.

नोरा शेवटची ड्यूटी करून आली आणि तिने एका हाताने बॅग उचलली. आयुष्यभर पेशंट उचललेली बाई. ती म्हणाली, "ही तीस नाही. तुझं वजन किती धरलंस?"

"एकाहत्तर."

"कधीचं?"

"मेडिकलचं."

"कुठल्या मेडिकलचं, चार्ल्स?"

"व्हिसाच्या."

"पहिल्या?"

तिने त्याला रिकाम्या हातांनी काट्यावर उभे केले. काटा त्र्याऐंशीवर जाऊन थांबला. नोराने काट्याकडे पाहिले, मग त्याच्या पोटाकडे.

"बारा किलो तू वाढलास," ती हळूच म्हणाली, "आणि घराबाहेर काढलंस माझ्या पप्पांना."

चार्ल्स घरातल्या चपलांवरच धावला. कचऱ्याची गाडी आली होती. पेटी रिकामी झाली होती. पण ड्रायव्हरला माझा आकार आवडला होता आणि गाडी घरंगळू नये म्हणून त्याने मला चाकाखाली उटी लावले होते. चार्ल्स त्याच्याशी वाद घालत बसला नाही. गाडी हलेपर्यंत तो उन्हात उभा राहिला, मग मला उचलून शर्टाने पुसले. शर्ट पांढरा होता. घरात आल्यावर त्याने माझी वाकडी कड नोराकडे करून मला टेबलावर ठेवले.

आता मी टॉवेलात गुंडाळलेला बॅगेत आहे. मित्रांनो, एखादी जुनी वस्तू जड वाटली, तर काट्यावर आधी स्वतः उभे राहा.

माझे एवढेच म्हणणे आहे. सबब, मा. विमानतळ अधिकारी यांस विनंती की, सामानाच्या तपशिलात चार्ल्सने लिहिलेले 'लोखंडी तुकडा, नग एक' हे खोडून 'हलकी क्रूझर, एक, अपूर्ण' असे वाचण्यात यावे. तसेच 'सोबतचे प्रवासी' या रकान्यात माझ्या सात बहिणींची नावे भरण्यास परवानगी मिळावी, आणि त्या येईपर्यंत विमान थांबवून ठेवण्यात यावे.